स्लॅब टाकायचा का? पाटण तालुक्यातल्या एका जुन्या घराच्या कामाच्या नोंदी

२८ ऑक्टोबर २०२३

नवीन काम आलंय. पाटण तालुका, हेळवाकच्या अलीकडची एक वाडी, डोंगराच्या पोटाला. मालक म्हणजे आण्णा, मुंबईला माथाडीत होते, आता रिटायर होऊन कायमचे गावाला आलेत, घरात त्यांची आई, वय ऐंशीच्या पुढे. घर दगड-मातीचं, कौलारू, साधारण ३० फूट बाय २० फूट. मागणी अशी की कौलं उतरवायची, भिंती आहेत तशाच ठेवायच्या, त्यावर आरसीसी स्लॅब टाकायचा आणि वर अजून दोन खोल्या काढायच्या, कारण गणपतीला पोरं-सुना-नातवंडं आली की झोपायला जागा पुरत नाही. कारण अगदी खरंय, त्यात काही चूक नाही.

कॉन्ट्रॅक्टर ठरलेला आहे आधीच, तो फोनवर म्हणाला, "सायेब, झोन चार हाय, आमाला म्हाईत हाय, म्हणून बाराच्या जागी सोळाची सळई टाकतुया." आता सोळा मिमीची सळई तो टाकणार स्लॅबमध्ये, आणि स्लॅब बसणार मातीत रचलेल्या दगडांवर. भूकंपाच्या नकाशातला झोन चार म्हटलं की सळई जाड करायची एवढंच आपल्याकडे पोचलंय.

३० ऑक्टोबर

आज कराडला टेबलावरचं काम. जागेवर जायच्या आधी कागद बघून घेतो, नाहीतर तिथे जाऊन सगळं लक्ष भेगांकडेच जातं.

आय.एस. १८९३ (भूकंपाचा भारतीय कोड, २०१६ ची आवृत्ती) प्रमाणे कोयनेचा पट्टा झोन चार, झेड म्हणजे जमिनीच्या हादऱ्याचा गुणक ०.२४. हे सगळ्यांना माहितीये. पण हा आकडा म्हणजे काही हमी नव्हे हे कुणी सांगत नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जो मोठा भूकंप झाला, ६.३ चा, त्यात धरणाच्या गॅलरीतल्या यंत्रावर आडव्या दिशेने ०.६३ जी (जी म्हणजे गुरुत्वाचं त्वरण) पर्यंत त्वरण नोंदलं गेलं. ०.२४ कुठे आणि ०.६३ कुठे. त्यात कोडमध्ये डिझाइनला झेडचा अर्धाच धरतात आणि वर आर ने (न कोसळता तग धरण्याच्या क्षमतेचा आकडा) भागतात, म्हणजे घर थोडं तडकेल, वाकेल पण माणसांवर कोसळणार नाही असं गृहीत धरून. ज्या भिंतीला वाकताच येत नाही तिचं काय ते पुढे बघूच.

अजून एक गोष्ट म्हणजे नकाशे भूकंपाच्या मागून येतात. कोयनेचा भाग ६७ नंतरच नकाशात वर चढला. किल्लारी तर ३० सप्टेंबर १९९३ पर्यंत सगळ्यात खालच्या झोन एकमध्ये होतं, आणि त्या पहाटे जवळपास १० हजार माणसं गेली, तीही बहुतेक स्वतःच्याच घराच्या भिंती आणि माळवदाखाली. नंतर २००२ च्या कोडमध्ये झोन एकच काढून टाकला आणि लातूर झोन तीनमध्ये आलं. त्यामुळे "आमचा झोन कोणता" या प्रश्नाचं उत्तर मी देतो पण त्यावर थांबत नाही.

इथले धक्के उथळ असतात, बहुतेक १० किमीच्या आतले. गोठण्याला ३ किमी खोल बोअर घेतली तेव्हा वर सव्वा किमीच्या आसपास काळा पाषाण आणि खाली ग्रॅनाइट लागला, आणि धक्के येतात ते त्या खालच्या ग्रॅनाइटमधून. धरण भरायला लागलं १९६२ ला, नंतर वारणेचंही ८५ पासून भरायला लागलं तसे धक्के दक्षिणेकडेही सरकले. पावसाळ्यात पाणी चढलं की काही आठवड्यांनी हालचाल वाढते हे इथल्या लोकांनाही पाठ आहे. उथळ असल्याने बारक्या धक्क्यालाही भांडी वाजतात आणि मग पेपरात "केंद्रबिंदू हेळवाकच्या नैऋत्येला अमुक किलोमीटर" असं येतं. वाडी त्याच पट्ट्यात आहे, म्हणजे अंतराने हादरा कमी होण्याचा फायदा शून्य.

भुवनवर (इस्रोचं नकाशांचं संकेतस्थळ) उताराचा नकाशा आणि भूकोशवर (भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं) दरडींचा थर बघितला. डोंगरउतार, दरडप्रवण. २०२१ च्या जुलैत याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी आल्या होत्या, त्यामुळे हे नकाशात नसतं तरी बघितलंच असतं.

४ नोव्हेंबर

जागेवर.

घर एका पायरीवर बसलंय, म्हणजे मागून डोंगर कापलाय आणि पुढे भर टाकून सपाट केलंय. पुढच्या भरावाला दगडाची ताल, म्हणजे भराव धरणारी भिंत, सुकी रचलेली, मधे पोट काढून बाहेर आलेली. मागे कापलेली उभी दरड, माणसाच्या दुप्पट उंच असेल, आणि घराची मागची भिंत तिच्यापासून जेमतेम चार हातांवर. वर चढून बघितलं. सुदैवाने जमिनीला फटी नाहीत, झाडं सरळ आहेत, पाझर फक्त एका कोपऱ्यात आणि तोही आता आटत आलेला. पण मातीत एक मोठा धोंडा अर्धा उघडा पडलाय, बरोब्बर माजघराच्या वर. तो पहिला काढायचा, घराचं काही ठरो न ठरो.

चाचणी खड्डे दोन घेतले, मुद्दाम हाताने, जेसीबी लावला की थर कालवले जातात आणि काहीच कळत नाही. मागच्या कोपऱ्यात फुटभर खाली गेलो की मुरूम, पहार टण्णकन वाजली, उडाली. पुढच्या कोपऱ्यात मात्र गडी खणतोय खणतोय आणि माती येतेच आहे. वरचे चार फूट नुसता भराव: राख, कौलांचे तुकडे, चुलीची खापरं, एक अख्खा जात्याचा पाळू, लाकडाचा भुसा झालेला वासा. त्याच्या खाली तांबडी माती आणि सात फुटांना मुरूम. घराचा पाया दोन-अडीच फुटांवरच थांबतो. म्हणजे मागचं अर्धं घर मुरमावर आणि पुढचं अर्धं राडारोड्यावर.

आजी पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "त्यो आमचाच पाळू हाय. भूकंपात पडलेलं घर म्होरं लोटलं आन् त्याच्यावरच ह्ये बांधलं. दुसरी जागा कुटं हुती?" मग मी नीट विचारत गेलो कुठली भिंत कशी पडली. त्यांना सगळं आठवतं: पुढची भिंत बाहेर अंगणात पडली, दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींचे शेंडे आत पडले, मागची उभी राहिली, आणि मधले लाकडी खांब-तुळया तशाच होत्या म्हणून त्यांची सासू वाचली. आता हे म्हणजे अख्खा तपासणी अहवालच आहे, मी यंत्र लावून याच्यापेक्षा जास्त काही सांगू शकलो नसतो. मातीत रचलेल्या दगडी घरात नेमकं हेच होतं. म्हणून जुन्या भागात गेलो की आधी सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी बोलावं, लोक उगाच "तेव्हा किती रिश्टर होता" विचारत बसतात, विचारायचं असतं की काय पडलं, कुठल्या दिशेला पडलं आणि काय राहिलं.

द्रवीकरणाचा, म्हणजे हादऱ्यात ओली वाळू पातळ होण्याचा, प्रश्न इथे नाही, मोकळी वाळू नाही, पाणी खोल आहे. सोडून दिलं.

५ नोव्हेंबर

रात्री पाटणलाच राहिलो, सकाळी भिंत उघडली.

आतून गिलाव्याचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा काढला, दोन ठिकाणी. भिंत दोन फूट जाड. बाहेरून दगड घडीव, मस्त तोंडं लावलेली, बघणाऱ्याला वाटेल किल्ल्याची भिंत आहे. आत मात्र करंजीसारखं: दोन पापुद्रे आणि मधे सारण, म्हणजे चिप्पा, खडे आणि वाळलेली माती. पहार दोन दगडांच्या मधून सरकवली तर कोपरापर्यंत आत गेली. आरपार जाणारा, दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा दगड उघडलेल्या दोन्ही जागी एकही नाही. मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवत नेली, खिडक्यांच्या मधल्या भागात आवाज सरळ पोकळ येतो.

याला कोड स्पष्ट सांगतो, आय.एस. १३८२८, दगडी बांधकामात दर ६०० मिमी उंचीला आणि आडवं जास्तीत जास्त १.२ मीटरवर आरपार दगड हवा, आणि भिंतीची जाडी ४५० मिमीच्या वर नको. आपल्याकडे जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हा समज इतका पक्का आहे की हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. जाडी वाढली की मधलं सारण वाढतं, वजन वाढतं, आणि भूकंप वजनालाच हलवतो. हादरा बसला की मधली माती खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही तोंडांना बाहेर ढकलते, पोट येतं आणि एक तोंड गळून पडतं. पुढच्या भिंतीला आत्ताच खिडकीखाली पोट आहे, दोरी लावून बघितलं तर दीड इंच.

कोपऱ्यात दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंतवलेले नाहीत, वरून खालपर्यंत सरळ सांधा आणि त्यात बोट जाईल एवढी चीर. लिंटेल लाकडाचं, ते फक्त दारा-खिडक्यांवर, सलग पट्टा कुठेच नाही.

चांगली बाजू पण लिहितो. आतले सागवानी खांब, तुळया ठणठणीत, वाळवी फक्त एका खांबाच्या बुडाला. छपराचा भार बराचसा या खांबांवर आहे, भिंतींवर नाही. ६७ ला ज्याने वाचवलं ते अजून आहे.

९ नोव्हेंबर

हिशोब. फार काही सॉफ्टवेअर लागत नाही याला, वही पुरते.

झेड भागिले दोन ०.१२, गुणिले २.५, कारण बुटक्या घराचा आवर्तकाल (एकदा इकडून तिकडे हलून यायला लागणारा वेळ) कमी, भागिले आर. बँड, म्हणजे सगळ्या भिंतींवरून फिरणारा सलग पट्टा, नसलेल्या दगडी बांधकामाला आर १.५. म्हणजे ०.२०. घराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढा जोर आडवा लागणार असं धरायचं.

आत्ताचं कौलारू छप्पर लाकडासकट पाचेक टन आणि भिंतींचा वरचा अर्धा भाग ५० टन, मिळून ५५, आडवा जोर ११ टन. आण्णांना पाहिजे तसं केलं तर पाच इंची स्लॅब फिनिशिंगसकट २२ टन, वरच्या नऊ इंची विटांच्या भिंती ३३ टन, त्याच्यावर परत २२ टनांचा स्लॅब, खालच्या भिंतींचे ५० आहेतच, आणि राहत्या सामानाचे दोन-तीन. १३० टन. आडवा जोर २६ टन. म्हणजे ज्या भिंती ११ टनाला पुरत नाहीत त्यांच्यावर २६ टन लादायचा, तोही जास्त उंचीवरून. आणि कौलं-लाकूड काढून टाकल्यावर जो सांगाडा माणसं वाचवतो तोही गेला.

गंमत अशी की कोडमध्ये एवढ्या बुटक्या घराला जमीन कुठलीही असो २.५ च धरतात, खडक असो की भुसभुशीत. म्हणजे नुसतं सूत्र मांडणाऱ्याला पुढच्या खड्ड्यातला पाळू कधी दिसणारच नाही. हिशोबात तो कुठेच येत नाही, पण घर तिथेच खचणार. साइट बघणं म्हणजे काय याचं माझ्या दृष्टीने हेच उत्तर आहे, नाहीतर पिनकोड टाकला की झोन मोबाइलवर येतोच.

१८ नोव्हेंबर

दिवाळी झाली, पोरं गावालाच होती म्हणून सगळ्यांसमोर बसलो. स्पष्ट सांगितलं, या भिंतींवर स्लॅब नको, वर मजला तर नकोच नको.

आण्णा गप्प. थोरला म्हणाला शेजारच्या आळीत तीन जणांनी असेच स्लॅब टाकलेत, काय झालंय त्यांना? म्हटलं ६७ नंतर इथे ६ च्या वरचा परत आला नाही, ५ च्या आसपासचे येऊन गेले, तेव्हा त्या स्लॅबांची परीक्षा अजून व्हायचीये.

मग कॉन्ट्रॅक्टरने तोडगा काढला, हा सगळीकडे निघतोच: भिंती राहू द्या, बाहेरून कॉलम उभे करू आणि स्लॅब कॉलमवर घेऊ. ऐकायला बरोबर वाटतं, त्यामुळे याच्यावर वेळ घालवला. पुढच्या कॉलमचा पाया मुरमात न्यायचा तर सात फूट खाली जावं लागणार, मागच्याला दोन फुटांत मुरूम. म्हणजे एकाच स्लॅबखाली पुढचे कॉलम लांब आणि मागचे आखूड. लोकांना वाटतं आखूड कॉलम मजबूत, तो असतोही, पण म्हणूनच तो हलायला तयार होत नाही, स्लॅब सरकला की लांब कॉलम वाकून जागा देतात आणि सगळा जोर त्या आखडून उभ्या राहिलेल्या आखूडांवर येतो, ते तिरके चिरतात. उतारावरच्या इमारती भूकंपात अशाच जातात. शिवाय मधे जुनी भिंत तशीच मोकळी उभी, ती पडायची ती पडणारच, फरक एवढाच की आता वर स्लॅब असल्यामुळे पळायला वाट आतूनच शोधायची.

धाकट्याने विचारलं मग करायचं काय ते सांगा. हा योग्य प्रश्न. म्हटलं खोल्या वर नको, बाजूला काढू. घराच्या पूर्वेला गोठ्यापलीकडे त्यांचीच पड जागा आहे, मूळची जमीन, भराव नाही, मागची दरड तिथपर्यंत येत नाही, ओढा लांब. आण्णांचा आक्षेप: "देवघर हितं आन् आमी तितं निजायचं?" याला माझ्याकडे इंजिनिअरिंगचं उत्तर नाही. आजींनी दिलं, "द्येव कुटं भितोय भूकंपाला? तुमी निजा तिकडं."

२५ नोव्हेंबर

पड जागेत खड्डे घेतले. तीन कोपऱ्यांना तीन-साडेतीन फुटांवर मुरूम, चौथ्याला चार. हे चालतं. सगळा पाया मुरमातच ठेवायचा, एकही कोपरा मातीवर सोडायचा नाही.

लॅबवाल्याने भूकंपलहरींच्या चाचणीचं कोटेशन पाठवलं होतं, नको म्हटलं. दोन खोल्यांच्या बैठ्या घराला त्याने निर्णय बदलणार नाही, ते पैसे सळईत आणि सिमेंटात घालू. शाळा किंवा चार मजली असतं तर करूनच घेतलं असतं.

नवीन खोल्या बंदिस्त विटकामाच्या. आधी भिंत, टोकाला विटांचे दात सोडून, मग कोपऱ्यात सळया आणि काँक्रीट, म्हणजे भिंत आणि कॉलम एकमेकांना धरतात. खिडकीखाली, लिंटेलला आणि स्लॅबखाली सलग बँड. यात आर ३ मिळतो, आडवा जोर वजनाच्या दहाव्या हिश्श्यावर येतो, आणि इथे स्लॅब टाकायला माझी काही हरकत नाही.

१६ डिसेंबर

नवीन पाया भरून झाला. सळईवाल्याशी कॉलमच्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगांवरून वाजलं. त्याने हूक काटकोनात वळवलेले, म्हणतो सगळीकडे असंच करतो. काटकोनातला हूक वरचं काँक्रीट उडालं की उघडतो आणि मग आतली सळई मोकळी, १३५ अंशात वळवून टोक आत काँक्रीटमध्ये गेलं पाहिजे. त्याच्यासमोर बसून चार रिंगा स्वतः वळवल्या, मग त्याने बाकीच्या केल्या, पुटपुटत का होईना. फोटो काढून ठेवले, ओतल्यावर कोण बघणार.

धोंडा काढला. फोडूनच काढावा लागला.

१३ जानेवारी २०२४

जुन्या घराचं काम सुरू. इथे पद्धत किल्लारीनंतर मराठवाड्यात वापरली तीच: भिंतीत साधारण दर चौरस मीटरला एक आरपार भोक, ७५ मिमीचं, हातोडा न मारता पहारीच्या टोकाने दगड हळूहळू मोकळा करत, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली ८ मिमीची सळई आणि काँक्रीट. दोन्ही तोंडं एकमेकांना बांधली गेली. एका ओळीत एकदम भोकं पाडायची नाहीत, आडून-आडून. मिस्त्रींना सुरुवातीला हा वेडेपणा वाटला, पहिल्या भोकातून घमेलंभर माती घरंगळत बाहेर आली तेव्हा ते स्वतःच पुढच्या भोकाची जागा वाजवून बघायला लागले.

लिंटेलच्या उंचीला आतून-बाहेरून जाळीचा पट्टा, त्यावर सिमेंटचा गिलावा, कोपऱ्यांवरून सलग वळवून. त्रिकोणी भिंतींचे दगडी शेंडे उतरवून तिथे लाकडी सांगाडा आणि पत्रा. छपराला तिरक्या पट्ट्या. कौलं राहिली तशीच. पुढच्या तालीचं पोट उतरवून परत रचायचं आणि मागच्या दरडीच्या डोक्यावर चर काढायचा, हे मार्चपर्यंत व्हायला हवं, वळवाच्या आधी.

एवढं करून जुनं घर झोन चारला पूर्ण पास झालं असं मी लिहून देणार नाही, आणि आण्णांना तसं सांगितलंय. पुढचा पाया अजून भरावावरच आहे. रात्री झोपायचं नवीन खोल्यांत, जुनं घर दिवसा वापरायचं, चूल, देव, धान्य.

१७ फेब्रुवारी

नवीन खोल्यांचा स्लॅब पडला, जुन्या घराच्या बँडचं क्युरिंग चालू. आता टाकीचा वाद. हजार लिटरची टाकी कॉन्ट्रॅक्टरने जुन्या घराच्या तुळयांवर चढवायचं ठरवलंय, म्हणतो उंचावर असली की न्हाणीत पाणी जोरात येतं. एक टन पाणी, तेही हिंदकळणारं, आणि बुडाला वाळवी लागलेला खांब बरोबर त्याच कोपऱ्यात. नाही म्हटलं. मागच्या चढावर मुरूम उघडाच आहे, तिथे दगडाचा ओटा करून टाकी ठेवली तर उंची आपोआप मिळते, पाइप पंधरा-वीस फूट जास्त लागेल. मिस्त्रींना ओट्याचं माप दिलंय, पाइपचे पैसे कोणी द्यायचे ते आण्णा आणि कॉन्ट्रॅक्टर बघतील.